भोंग्यातून येणारं नाव

राजापेठ, अमरावती
फेब्रुवारी १९६१

प्रिय अक्का,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. आत कागदांच्या घडीत काडेपेटीएवढा एक काळा तुकडा आहे, तो सांडू नकोस, त्याला बोटं लावू नकोस, आणि मी सांगेपर्यंत उन्हात धरून बघूही नकोस. पत्र एकटीनं वाच. तुझ्या सासूबाई, गोदाबाई, विचारतीलच की एवढं काय लिहिलं म्हणून. त्यांना सांग, माह्या भावाले कामधंदा नाही, तो भुताच्या गोष्टी लिहिते. ते काही फार खोटं नाही. सातवीत गणपती बसवल्यासारखा मी दोन वर्षं एकाच बाकावर बसलो आणि शेवटी मास्तरांनीच माझं विसर्जन केलं, हे तुला माहीत आहे. तू चौथी पास. तेव्हा चुका काढायला पेन्सिल घेऊन बसू नकोस. पुस्तकी भाषेत लिहायला बसलो आहे, पण मध्येच आपली बोली आली तर येऊ दे.

छप्पन साली तुम्ही सगळे ट्रकमध्ये उभे राहून नागपूरला गेलात, तेव्हा मी बऱ्हाणपुराकडे एका तंबूच्या सिनेमात तिकिटं फाडत होतो. दीक्षेची बातमी मला पोचली तेव्हा बाबांनी घरातले देव नदीत सोडलेही होते. नंतर मी वरुडकडे संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकले, धारणीला एका जीपवाल्याबरोबर राहिलो. तिथल्या रस्त्यावर जीप कमी आणि आपणच जास्त चालतो. मग अकोल्याच्या एका जिनात कापूस ओढायला लागलो. त्या जिनाची गोष्ट मोठी आहे, तिथला एक मुकादम झोपेत गाणी म्हणायचा... पण ते राहू दे. सांगायचं ते हे की, जिनात माझा घसा बघून एका माणसानं मला फोटोच्या गाडीवर नेलं. तिथं मोठा आवाज लागत होता. माझं डोकं लहान आणि आवाज मोठा, म्हणजे मी त्या कामासाठीच जन्मलो होतो असं म्हण.

गाडी तू पाहिलीच आहेस. कशी पाहिलीस ते पुढं येईल. लांबलचक निळी गाडी, मागं इंजिन, पोटात एक यंत्र आणि यंत्रामागं एक अंधारी खोली. यंत्राच्या थंड पाटीला छाती टेकवून उभं राहायचं, श्वास आत घेऊन धरायचा, आतून टक् आवाज येतो आणि छातीचा फोटो निघतो. माणसाचा नाही, हाडांचा. ज्याला लोक राजरोग म्हणतात आणि नाव घ्यायची पाळी आली की "तिले बरं नसते" एवढंच म्हणून गप्प होतात, तो रोग त्यात दिसतो. दिवाळी झाली की गाडी निघते आणि होळीला परत येते. मी पुढच्या जीपवर भोंगा बांधून गल्लीगल्लीतून ओरडतो. पातूरकडच्या एका गावात एक म्हातारा मला म्हणाला, "अबे, फोटो काढता तं तोंडाचा काढा ना, छातीचा काहाले काढता? आता हा फोटो भितीले लावू काय, अन् पाहुण्याले सांगू काय, हे पाहा आमचा बाप?" पण आला. गडीमाणसं तशी येतात. हसतात, घाबरतात, पण येतात.

बायांचा दिवस वेगळा असतो. गाडीच्या एका बाजूला ताडपत्रीचा आडोसा बांधतात, आत एक नर्सबाई असते, आणि आम्हा पुरुषांना चावडीच्या पलीकडं पिटाळतात. मी तिथून भोंग्यात ओरडत राहतो. बाया येतात त्या पदर हनुवटीपर्यंत ओढून, वेचणीच्या दिवसांत तर नाकावरून फडकं गुंडाळून, केसांत कापसाचे तंतू. नर्सबाई नाव विचारते, पुढची बाई नाव सांगते, यादीवर खूण होते, टक्, संपलं. नर्सबाईसुद्धा दर दोन महिन्यांनी नवी असते. ज्याचा फोटो चांगला त्याला एक चिठ्ठी मिळते, त्यावर ‘निरोगी’ असा शिक्का. या चिठ्ठीचं आपल्या लोकांनी काय केलं ते सरकारच्या स्वप्नातही नव्हतं. पाहुणे मुलगी बघायला आले की कांदेपोह्यांच्या ताटाबरोबर ती चिठ्ठी ठेवायला लागले. पोरीचा फोटो साफ आहे, घ्या. मग चिठ्ठी नसलेल्या पोरीकडं लोक वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. माहेरी गेलेल्या काही सुनांना सासरहून निरोप गेला, चिठ्ठी घेतल्याशिवाय येऊ नका. एक गोष्ट काढायला गेलं की दुसरीच उगवते, तसं.

गेल्या वर्षी मोसम संपायच्या सुमारास अकोल्याच्या बंगल्यावर बाहेर देशातला एक डॉक्टर आला होता. थंड मुलखातला, उन्हानं नाक सोललेलं. आमच्या सूर्यभान डॉक्टरांनी त्याच्यासमोर मोठा कागद पसरला. एका बाजूला त्याच्या देशातल्या गावांची नावं, एका बाजूला आपली. हजार छात्या तपासल्या तर किती रोगी सापडले, त्याच्या रेघा. मी पाण्याचा जग घेऊन उभा होतो म्हणून मला बघायला मिळालं. पाहुण्यानं आपल्या भागातल्या बायांच्या रेघेवर बोट ठेवलं आणि कायतरी बोलला. डॉक्टरांचं तोंड उतरलं. मागाहून त्यांनी आम्हाला सांगितलं. पाहुणा म्हणाला होता, तुमच्या इथल्या बाया श्वास घेत नाहीत काय? कारण रेघ अगदी खाली होती. पुरुषांमध्ये रोगी सापडत होते, बायांमध्ये जवळजवळ कोणीच नाही. आणि त्याच्या देशातलीही रेघ तेवढीच खाली होती. त्यांच्याकडं घराघरांत शोधून, औषध देऊन, रोगच संपत आणलेला. म्हणून रोगी सापडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "सहदेव, कागदावर आपल्या वऱ्हाडातल्या बाया अन् त्यांच्या बाया सारख्याच निरोगी आहेत. जिथं रोग नाही तिथं अन् जिथं रोग लपून बसला तिथं, रेघ सारखीच येते. मले याचीच भीती वाटते." मला तेव्हा नीट कळलं नाही. मी फक्त त्या दोन रेघा बघितल्या. दोन देशांच्या, जुळ्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी निजलेल्या.

आता भुताची गोष्ट. यंत्रामागच्या अंधाऱ्या खोलीत उस्मानभाई असतात. आधी अकोल्यात एका फोटो स्टुडिओत होते, नवरानवरीचे फोटो धुवायचे, आता हाडांचे धुतात. भर दुपारी बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत काळोख, एक लाल दिवा, औषधाचा आंबट वास. भोंगा बंद असला की मी तिथं जाऊन बसतो. पाण्यातून फोटोंची पट्टी वर काढली की एकामागोमाग एक छात्या लटकतात, काळ्या फुफ्फुसांवर पांढऱ्या बरगड्या, चेहरा कोणाचाच नाही. पहिल्या वर्षीच, कापसाची वेचणी जोरात होती तेव्हा, उस्मानभाईंनी मला हाक मारली. "अबे सहदेव, इकडे ये. पाह्य बरं. ही बाई मी पाह्यली आहे." मी हसलो. म्हटलं, भाई, हाडाले काय तोंड असते काय? ते हसले नाहीत. त्यांनी भिंग दिलं. गळ्याखालचं उजवं हाड मध्येच मोडून वाकडं जुळलेलं होतं, जोडावर एक टेंगूळ, आणि टेंगळाजवळून हाड चुकलेल्या पायवाटेसारखं खाली वळलेलं. मग त्यांनी आदल्या आठवड्याची पट्टी काढली. दुसरं गाव, दुसरं नाव. तेच हाड. त्याच्याही आधीची काढली. तिसरं गाव, एका नव्या नवरीचं नाव. तेच हाड, तेच टेंगूळ, तशीच स्वच्छ काळी छाती. त्या लाल उजेडात आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो.

डॉक्टरांना दाखवलं. ते घाईत होते. म्हणाले पट्टी दोनदा फिरली असेल, एकाच बाईचा फोटो पुन्हा पुन्हा उठला असेल. उस्मानभाईंना ते फार लागलं. त्यांच्या हातून आयुष्यात एका नवरदेवाच्या शेजारी दुसऱ्याची नवरी उठली नव्हती. ते मला हळूच म्हणाले, "पट्टी नाही फिरली. ती फिरून राह्यली. कोणी बाई बेनाम मेली असंल, रस्त्यात, वावरात, कोणाले ठाव नाही. आता गावोगाव जाते, एक नाव घेऊन पाह्यते, ते अंगाले बसत नाही, मंग पुढच्या गावाले जाते." मी म्हटलं, भाई, भूत श्वास कशाला धरीन? ते म्हणाले, "म्हणूनच तं फोटो असा साफ येते. बाकीच्या बाया हलतात. ही हलत नाही."

अक्का, त्यानंतर मला एकट्यानं भोंगा वाजवायला नको वाटू लागलं. वेचणीच्या दिवसांत भरदुपारी गाव रिकामं असतं, फक्त बंद दारं आणि ओट्यावरची कुत्री. आपलाच आवाज भिंतीवर आपटून थोडा उशिरा परत येतो. "सर्व बायाबापड्यांनोऽ" म्हटलं की मागून कोणी तरी दुसराच ते म्हणतोय असं वाटतं. एकदा तर आडोशाच्या बाजूनं, माझा आवाज परत आल्यावर, कोणी बाई हसल्यासारखं ऐकू आलं. मोठ्यानं नाही, पदरात तोंड घालून हसावं तसं. मी वळलो तर ताडपत्री फडफडत होती. त्या संध्याकाळी जीपच्या सीटवर एक फडक्यात बांधलेली भाकर होती, वर जवसाची चटणी. गावातल्या कोणी ठेवली असेल म्हणून मी खाल्ली. गाठ घट्ट होती, दुहेरी, टोक आत खुपसलेलं. हातानं सुटेना, म्हणून मी दातानं सोडली. ती सोडताना माझ्या दातांना काहीतरी आठवलं. मला आठवलं नाही. पुढं दुसऱ्या एका गावात पुन्हा तशीच भाकर. उस्मानभाईंनी विचारलं, कोणी दिली? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग खाऊ नको. मी खाल्ली. मला भूक लागली होती, आणि चटणीत लसूण आपल्याकडं घालतात तेवढाच होता.

यंदाच्या मोसमात, पौषात, उस्मानभाईंनी मला पुन्हा आत बोलावलं. या वेळी त्यांनी काही सांगितलं नाही, नुसतं भिंग हातात दिलं. तेच हाड. तेच टेंगूळ. पण त्या हाडाच्या खाली, जी इतकी स्वच्छ असायची त्या काळ्या जागेत, बोंडातून निसटून अडकलेला असावा तसा कापसाचा बारका पुंजका. पांढरा. उस्मानभाई म्हणाले, "हिले लागला." भुताला रोग लागतो हे मी कधी ऐकलं नव्हतं, त्यांनीही नव्हतं. आम्ही दोघं त्या काळोखात पुंजक्याकडं बघत उभे राहिलो, आणि बाहेर कोणीतरी बैलांना पाणी पाजत होतं त्याची शीळ ऐकू येत होती. मला तेव्हा भीती वाटली नाही गं. वाईट वाटलं. का ते कळेना.

यादीवर त्या फोटोपुढं नाव होतं इंदूबाईचं, तुमच्या गावच्या भगवंतराव पाटलांच्या सुनेचं. डॉक्टर खूष झाले. कोणाला रोग झाला म्हणून नव्हे, त्या आडव्या रेघेतून शेवटी एक बाई वर आली म्हणून. त्यांनी लगेच पाटलांना चिठ्ठी धाडली, सुनेला मोठ्या फोटोसाठी अकोल्याला आणा. पाटील पंधरवडाभर कुरकुरले आणि मग बैलांच्या दमणीत पडदा लावून घेऊन आले. व्हरांड्यात येरझाऱ्या घालत म्हणत होते, "आमच्या घरात असं काही नसते. गेल्या साली शिक्का मारून दिला ना तुमीच, निरोगी म्हणून? मंग आता काहून नाटकं करून राहिले?" मोठा फोटो निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या काचेला लावला, शेजारी आमचा काडेपेटीएवढा. मोठ्या फोटोतलं गळ्याखालचं हाड सरळ होतं, रुळासारखं. टेंगूळ नव्हतं. पण डावं फुफ्फुस चाळणीसारखं झालेलं. डॉक्टर म्हणाले, "मोडून वाकडं जुळलेलं हाड पुन्हा सरळ होत नसते. नाव एक आहे, पण या दोन बाया आहेत."

मग त्यांनी इंदूबाईला खुर्चीवर बसवून, पाटलांना बाहेर ठेवून, हळू विचारलं. मी दाराशी होतो. ती हसायला लागली आणि हसता हसता खोकायला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "ती मी नोहे साहेब. मले सासरा घरातून बाहेर कुठं काढते? मी दोन सालापासून गोठ्याजवळच्या खोलीत हाय. माह्या नावानं आमच्या वावरातली वेचणारी उभी राह्यली. मागच्या साली माही चिठ्ठी साफ आली, मंग साऱ्याच बाया तिले नेऊ लागल्या. वेचणीची टोळी जिथं जाईन तिथं तिची मागणी. कोणाची सोयरीक अडली, कोणाले यंत्राचं भेव. ती म्हणते, माही छाती म्हणजे गावची विहीर झाली, कोणीबी या अन् भरून न्या." त्यावर ती पुन्हा हसली. डॉक्टरांनी विचारलं, ती तुमच्याकडं कशी येते? इंदूबाई म्हणाली, "सासरा तिले आमच्या ओट्यावर चढू देत नाही. विहिरीवर तं नाहीच नाही. पण माह्या खोलीत धाडते. तिथं दुसरं कोणी येतच नाही ना. ती माही पाठ चोळते, थुंकीचं गाडगं मातीत पुरते, मांडीवर डोकं घेऊन बसते." अक्का, ज्या घराचा उंबरा बंद, त्या घरातली एकच खोली उघडी. आणि ज्या घराच्या आडाला त्या बाईचा हात चालत नाही, त्या घराचं नाव तिच्या छातीवर चालतं. यंत्राला जात कळत नाही हे पाटलांना आपल्याआधी कळलं होतं.

डॉक्टर तिचं नाव विचारणार तेवढ्यात इंदूबाईची नजर माझ्यावर गेली. मी आत येऊन पाण्याचा पेला ठेवत होतो, "घ्या बाई" एवढंच म्हणालो. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "भोंग्यातला आवाज तुमचाच काय? तुमचा भोंगा वाजला का ती हसे. म्हणे, हा माह्या भावाचा आवाज हाय, लहानपणी म्हशीमागं असाच कोकले. मी म्हटलं, मंग भेटत काहून नाही वं? इतका जवळ उभा हाय. तं म्हणे, आज मी इंदूबाई हाओ. इंदूबाई त्याले कशी भेटीन? ओरडली मी सहदेव म्हणून, तं तुम्हा साऱ्या जणींचं पितळ उघडं पडीन. भाकर ठेवून येते, म्हणे, गाठ ओळखीन तं ओळखीन."

नाही ओळखली गं. दातांनी ओळखली, मी नाही ओळखली. इंदूबाईनं नाव सांगितलं तेव्हा मला ते ऐकूही आलं नाही, कारण माझ्या उजव्या हाताच्या बोटांना ते आधीच कळलं होतं. कापसाची बैलबंडी नदीच्या उतारावर उलटली, तू मला पोटाखाली घेऊन पडलीस, आणि त्या हाडवैद्यानं कामट्या बांधून हाड वाकडं जुळवलं. मी पाच वर्षांचा होतो. मग कित्येक वर्षं झोपताना माझा हात तुझ्या गळ्याखालच्या त्या टेंगळावर असायचा. बोराच्या आठळीएवढं. मी ते धरल्याशिवाय झोपत नसे आणि आई म्हणायची, लेकीच्या हाडाचं खेळणं केलं या पोट्ट्यानं. अंधाऱ्या खोलीत मी ते भिंगातून बघत होतो, आणि एवढं लहान, एवढं पांढरं, चेहऱ्यावाचून, म्हणून ओळखलं नाही. दोन मोसम मी गावोगाव ओरडत फिरलो आणि तू माझ्यापासून एका ताडपत्रीच्या अंतरावर, कोणाकोणाची नावं घेऊन, श्वास धरून उभी होतीस.

आता का लिहिलं ते लिहितो, मग उठतो. इथून पुढं पुस्तकी भाषा जमणार नाही. अक्का, तो कापसाचा पुंजका इंदूबाईचा नाही, तुह्या छातीतला आहे. औषधाच्या गोळ्या आणि सुया नावानं येतात. इंदूबाईच्या नावानं आल्या, तिला खरंच लागत होत्या, ती आता इथं अमरावतीच्या दवाखान्यात आहे आणि तुझी आठवण काढते. पण तुह्या नावापुढं दोन्ही वर्षं ‘वेचणीले गेली, गैरहजर’ असं लिहिलं आहे, मी तुह्या दारात आलो तेव्हा गोदाबाईंनीही तेच सांगितलं होतं, म्हणून तुह्यापर्यंत कोणीच येणार नाही. जानरावभाऊजी गेले तेव्हा दमा म्हणून सांगितलं, आपण मानलं. आता मानू नको. डॉक्टर म्हणतात पुंजका लहान आहे, वेळेवर औषध लागलं तर ही पांढरी जागा पुन्हा काळी होते. तुही पोरगी ललिता तुह्या गळ्याशी झोपत असंन, मी झोपत होतो तशी, म्हणून तिलेही आण. डॉक्टर जीप घेऊन थेट तुह्या दारात यायले निघाले होते, मी हात जोडले, म्हटलं जीप दारात उभी राह्यली का उद्या तिच्याकून कोणी कापूस वेचून घेणार नाही, अन् पोरीची सोयरीक इथंच मोडंन. ती आपल्या पायानं येईन. येत्या शुक्रवारी गाडी तुमच्या चावडीपाशी आहे. त्या दिवशी मी बायाबापड्यांनो म्हणून ओरडणार नाही. साऱ्या गावाची नावं घेईन, एकामागून एक, म्हणजे कोणाले काही समजणार नाही, आणि त्यात एक नाव सावकाश घेईन, मनकर्णा जानराव तायडे. ऐकलं का पदर मागं सार, चावडी ओलांड, मले सहदेव म्हणून हाक मार, अन् मंग आत जा. उस्मानभाई अजून आपल्याच गोष्टीले धरून आहेत, म्हणतात तिले नाव भेटल्याशिवाय ती थांबणार नाही, आणि मले आता वाटते ते खरंच बोलत होते. आता तो तुकडा उन्हात धर. ते हाड तुह्यं आहे, मी हात ठेवून झोपत होतो ते. खाली कोपऱ्यात पाह्य, एक नंबर आहे, नाव नाही. नाव तू घेऊन ये.

तुझाच,
तुह्या गळ्याच्या हाडाशी निजणारा,
सहदेव